आकृती प्रमाणात नाही

तासगावच्या शाळेत मी प्रयोगशाळेचा शिपाई.
किल्ल्या माझ्याकडं, शास्त्र दुसऱ्यांकडं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी
नववी ब मधली मेहजबीन तांबोळी
थर्माकोलवर प्राणिपेशी मांडत होती.
मधोमध केंद्रक : अर्धी सुपारी,
वडिलांच्या पानटपरीतली.
तिची आतली नक्षी म्हणजे म्हणे रंगसूत्रांचा गुंता.
भोवती शेवया, ती आंतर्द्रव्यजालिका;
काहींवर डिंकानं खसखस लावलेली.
"रायबोझोम. प्रथिनं तिथं बनतात, मामा."
जुन्या साडीच्या काठाची घडीवर घडी : गॉल्जी.
माल बांधायचा, पत्ता घालायचा, रवाना.
लाल टिकल्या लयकारिका, मोडकंतोडकं पचवणाऱ्या.
"आणि पेशीच मोडायला आली तर?"
टिकली तिनं जरा वेळ बोटावरच धरली.
"तर ह्या फुटतात. तिलाच पचवतात."

मी म्हटलं, कडेनं भिंत घाल की.
हसली. "भिंत झाडांना, मामा. आपल्याला नुसतं पटल,
इतकं पातळ, की ये-जा चालूच."

शेवटी दप्तरातून पुडी निघाली.
बेदाणे. हिरवे, लांबट, सुरकुतलेले.
तंतुकणिका. सुरकुत्या खरं तर आत असतात, म्हणाली,
तिथंच जाळ, तिथंच ताकद.
मागून पाटोळेबाई वाकल्या :
"ह्या कुठून येतात, सांग."
"आईकडून."
"शाब्बास! फक्त आईकडून. वडिलांच्या टिकत नाहीत."
बाई खूश होऊन गेल्या.
पोरगी माझ्याकडं बघत राहिली, पुडी हातात.
तिची आई सावळज रोडच्या शेडवर
रोजानं बेदाणा निवडते.

सकाळी कुलूप काढलं तर मुंग्या.
दाराखालून टेबलावर, टेबलावरून पेशीत.
सुपारी जागेवर, शेवया जागेवर,
काठाची घडीसुद्धा मोडली नव्हती.
बेदाण्यांची तेवढी सालं.
हुकूम होता, कारखाना होता, पार्सल तयार होतं,
चूल विझलेली.
खाली स्केचपेननं लिहिलेलं : आकृती प्रमाणात नाही.

परीक्षक दहाला येणार. मी सायकल काढली.
शेडमध्ये धूळ, चाळण्यांचा आवाज,
ओळीनं बसलेल्या बायका, तोंडाला पदर.
तांबोळीणबाईनं कशाला म्हणून विचारलं नाही.
एकदा मुकादमाकडं बघितलं
आणि माझ्या रुमालात मूठ सोडली.

चिकटवताना दिसलं,
एका बेदाण्याला देठ राहिला होता.
दिवसभर देठच काढणाऱ्या हातांतून
घाईत सुटलेला एक.
तो मी तसाच लावला.
पुस्तकातल्या आकृतीत नसतो.