एकास बहात्तर

बायको होती तेव्हा कपाटाचे वरचे दोन कप्पे माझे होते.
आता सगळं कपाटच माझं.
त्यात पुस्तकं, गुळगुळीत कागदाची, उचलताना मनगट दुखेल अशी:
पंखांचे आराखडे, रंगांचे तक्ते,
कोणतं विमान कोणत्या रात्री कुठून उडालं,
आणि शेवटच्या रकान्यात बहुतेकदा तेच दोन शब्द:
परतलं नाही.

पान दोनशे अकरा. जून त्रेचाळीस. लँकेस्टर. सात माणसं.
‘समुद्रात कोसळलं.’
हे वाचून मी खिडकीबाहेर बघतो.
समुद्र नाही. बीट आहे.
सिब्रन टोल्समाचं बारा हेक्टर बीट, पट्टीनं आखल्यासारखं.
सत्तावन्न साली आम्ही इथलं पाणी उपसून टाकलं,
तळाशी जमीन निघाली, जमिनीत विमानं.
पुस्तकाला हे कुणी कळवलं नाही.

सिब्रनच्या नांगराला तळहाताएवढा पत्रा लागला.
कॉफीच्या डब्यात घालून त्यानं तो माझ्याकडे दिला,
म्हणाला, डबा परत दे.
शितावरून भाताची परीक्षा, हाच माझा धंदा.
भिंगाखाली धरला: चार रिव्हेट, एक ओरखडा,
आणि एक काळा,
जो तक्त्यातल्या कुठल्याच चौकोनाशी जुळेना.

खोक्यात दोनशे सत्तावीस तुकडे निघाले.
माणसं तीन.
सात लागतात, असं मी कंपनीला लिहिलं.
त्यांनी दिलगिरी कळवून एक जादा प्रोपेलर पाठवला.

या कामात एक गोष्ट फार उशिरा कळते.
खऱ्या विमानाचा रंग छोट्या विमानाला चालत नाही.
काळ्यात थेंबभर पांढरा घालावा लागतो,
कारण लहान म्हणजे लांबचं,
आणि लांबचा काळा कधी पुरता काळा नसतो,
मध्ये हवा असते.
किती थेंब, यावर आमच्या मंडळात दोघांचं बोलणं बंद आहे.

मग ओल्डहॅमहून विनिफ्रेड स्कोल्स आल्या.
चौऱ्याऐंशी वर्षांच्या, पायांत पावसाळी बूट.
शेपटीतल्या तोफेवर त्यांचा भाऊ होता. आर्नल्ड.
तो गेला तेव्हा या दहाच्या होत्या.
मी रंगाबद्दल बरंच बोललो.
त्यांनी दुसरा चष्मा लावला.
तो बसायचा कुठं?
मी सुईच्या टोकानं दाखवलं: मागचा काचेचा बुडबुडा,
वाटाण्यापेक्षा लहान.
आणि आत जायचा कुठून?
उजव्या कुशीत, शेपटीच्या थोडं पुढे,
केसाएवढी एक चौकट कोरलेली असते. तिच्यावर सुई ठेवली.
उघडतं का हे?
नाही, म्हटलं. साच्यातूनच बंद येतं.
बरं, म्हणाल्या.
दोन बिस्किटं खाल्ली, बसची वेळ विचारली.

त्या रात्री नवं पातं लावलं आणि ती चौकट कापायला घेतली.
तीन तास लागले. बोट कापलं एकदा.
दाराला आतून ताराचं टीचभरही नाही असं बिजागर दिलं,
आणि आतल्या पोकळीला
पांढरा न घालता, बाटलीतला काळा.

झ्वोलच्या प्रदर्शनात परीक्षकांनी दोन गुण कापले.
शेरा होता, आणि तो चूक नाही:
चाकं वर, पंखे फिरते, तर दार बंद हवं.
मी वाद घातला नाही.
सिब्रनचा डबाही अजून परत केलेला नाही.

घरी येऊन पान दोनशे अकरा काढलं.
‘समुद्रात’ खोडून समासात लिहिलं:
टोल्समाचं शेत, तिसरी चारी.
पेन्सिलीनंच लिहिलं.
रात्री खिडकी उघडी असली की लांबून पंप ऐकू येतात,
दिवसरात्र पाणी बाहेर फेकणारे.
ते कधी थांबले,
तर पुस्तक बरोबर होतं म्हणायचं,
आणि मला खोडता यायला हवं.