दोनशे अठ्ठेचाळीस, नवा जालना

रोलिंग मिलचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला,
म्हणाला, साहेब परवा निघणार, सन्मानपत्र पाहिजे,
पाच प्रती, लॅमिनेशन करून.
साहेब म्हणजे झेक फिटर, सहा महिने
भट्टीच्या तोंडाशी उभं राहून कांद्यासारखा सोललेला.
फाइल उघडली तर नावात दोनदा
एक शून्य, पोटातून तिरपी काडी गेलेलं:
Jiøí Kovaøík.
मुजीबभाई चष्मा वर करून म्हणाले,
जाने दो ना बाई, कौन देखता.

पण मी नावं टाकणारी बाई आहे.
अठरा वर्षं लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं,
एका वेलांटीपायी मोडता मोडता राहिलेली सोयरीक
मी या खुर्चीतून पाहिलीय.

दुपारी तो स्वतःच आला. स्टूल ओढलं, बॉलपेन मागितला,
काडीवाल्या शून्यावर फुली मारली,
शेजारी त्यांचा र काढला, आणि त्याच्या डोक्यावर
एक उलटं छप्पर,
टँकरच्या वाटेकडं तोंड करून ठेवलेल्या भांड्यासारखं.
मी म्हटलं, अच्छा, रफार!
तुमच्याकडंही आहे होय.

रात्री तक्ते काढून बसले.
कॉम्प्युटरला अक्षर दिसत नाही, नंबर दिसतो.
जुन्या काळी खोल्या दोनशे छप्पन्न,
अख्ख्या युरोपला पुरेनात,
म्हणून ज्यानं त्यानं आपला तक्ता मांडला.
दोनशे अठ्ठेचाळीस नंबर नव्या जालन्यात विचारा,
टोपीवाला र दार उघडतो.
तोच नंबर कुंडलिका ओलांडून जुन्या जालन्यात विचारा,
तिथं हा काडीवाला राहतो, नॉर्वेकडचा,
सज्जन माणूस, त्याचा काही दोष नाही.
पोस्टमन नदी विसरला, एवढंच.

माझा बाप मोंढ्यात पोत्यांवर मार्का मारायचा.
पत्र्यात कोरलेली अक्षरं, वरून काळ्या रंगाचा बोळा.
बोऱ्हाडे शेठच्या नावातली ती पापणी
पत्र्याला सोसायची नाही,
दोन हंगामांत फाटून भोक व्हायचं,
पोत्यावर नुसता डाग.
मग बाप बाभळीची काडी रंगात बुडवून
पोत्यामागून पोत्यावर
हातानं पापणी काढत बसायचा. मजुरी तेवढीच.

मागल्या साली पेन्शनच्या यादीत त्याचं नाव शोधलं.
कऱ्हाळे. नोंद आढळली नाही.
छापील यादीत होतं की, पान अकरा, ढळढळीत!
दोन्ही नावं एकावर एक ठेवली तर
केसाचा फरक नाही.
आत मात्र एकात नुक्त्याचा ऱ, पाय मोडलेला,
दुसऱ्यात साधा र, तोही पाय मोडलेला,
आणि मध्ये एक असं काही
जे दिसत नाही, जागा घेत नाही,
फक्त पुढच्याचा हात धरतं.
झेक टोपीचंही तेच म्हणे,
टोपीसकट जन्मलेला र एक,
र वेगळा नि टोपी वेगळी आणलेली, तो दुसरा.
माणसाला एकच दिसतात.
मशीनला दोन भाऊ, बोलणं बंद असलेले.
मी तिकडून, हात धरून टाइप केलं
तेव्हा बाप सापडला. अकराव्या पानावर,
होता तिथंच.

सन्मानपत्राच्या वळणदार फॉन्टात
टोपीवाला र नव्हताच, चौकोन यायचा.
म्हणून मी साधा र छापला
आणि बारीक पेननं पाच प्रतींवर
दहा टोप्या काढल्या. सातवी जरा कलली.
त्यानं अंगठा नेमका तिच्यावरच ठेवला.

मग त्यानं खुणेनं माझं नाव विचारलं.
बँकेत मी करहाळे, गॅसच्या पुस्तकावर कहाळे,
पोरीच्या शाळेत काय ते विचारू नका.
सांगितलं.
त्यानं जीभ टाळूला लावली, थोडी थरथरू दिली
आणि पहिल्या फटक्यात
ऱ्ह.

मुजीबभाई बघतच राहिले.
लॅमिनेशनमधून प्लास्टिक जळल्याचा वास आला
तेव्हा कुठं बटण बंद केलं.