चौदा चौकोन

हर्षल म्हणाला, आई, तू खरी पोलीस,
खेळून बघ आणि सांग, पाचपैकी किती.
म्हणून रात्रपाळीला, दोंडाईचा ठाण्यात,
वायरलेसची खरखर जरा कमी करून
मी मोबाइलमधला हवालदार झाले.

आधी चांगलं सांगते.
टोपी बरोबर आहे. सहाच ठिपके, पण टोपी आहे.
टेबलाचा एक पाय आखूड, खाली घडी घातलेला कागद.
हे ज्यानं काढलं तो कधीतरी
कुठल्यातरी ठाण्यात तासन्‌तास बसलेला असणार.
चहा दिला की आरोपी बोलायला लागतो, हेही खरं.
आणि ते टुकटुक संगीत,
सारंगखेड्याच्या यात्रेत रुपयाला तीन डाव मिळायचे
त्या डब्यातलंच.
बोटांना अजून आठवत होतं.

आता वाईट.
हा हवालदार पळून दमत नाही.
ऐन पौषात, मिरच्या वाळत घातल्यात
त्या पथारीच्या कडेनं याला एकदा पळवा,
चोर आणि पोलीस शिंकत शिंकत
एकाच लिंबाखाली बसतील.
पंचनामा एका बटणात होतो.
पंच कुठून आणले, विचारत नाही कोणी
(आमच्याकडे रसवंतीवाला आणि त्याचा मेहुणा,
दोघांना आता मजकूर आमच्याआधी पाठ असतो).
मुद्देमालाची खोली नाही. उंदीर नाहीत.
अटक केली की वरून नाणी पडतात.
मी सवयीनं वर बघितलं.
पंखा होता.

राहिले चेहरे.
एकेक माणूस मोठा करून मी मोजलं,
कपाळापासून हनुवटीपर्यंत चौदा चौकोन.
हर्षल म्हणतो, मुद्दाम तसं ठेवलंय,
जुन्या काळाची मजा.

आमच्याकडे मुद्दाम नसतं रे.
फलाट क्रमांक एक, पहाटे तीन वाजून अकरा,
सुरतकडची गाडी, आणि खांबावरचा कॅमेरा
ज्याच्या काचेवर कोळ्यानं घर केलेलं.
मुलगा बेपत्ता, वय एकोणीस.
फुटेज मोठं करत गेलो
तसा माणूस उसवत गेला,
राखाडी, काळा, मधे एक पिवळट चौकोन,
तो चेहरा असेल किंवा बिस्किटाचा पुडा.
साहेब म्हणाले, यात काहीच ओळखू येत नाही.

जमनाबाई मालचे पदर सावरून पुढे झाली.
हाताला मिरचीचा लालपणा, तळव्यात मुरलेला,
काचेला बोट लावलं.
“हाऊच शे. मना रोहिदास.
डावा पाय जराखा घशीसन चालस.
तुमले दखास नही का?”

दिसत नव्हतं. मी लिहिलं,
फुटेज अस्पष्ट, ओळख पटवणे शक्य नाही.
अक्षर चांगलं आलं होतं त्या दिवशी.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी येते.
तपास कुठवर आला, असं विचारत नाही.
म्हणते, बाई, पोऱ्याला एकदा लावा.
मी लावते.
तो येतो, खांबामागे जातो, निघतो,
गाडीत चढतो.
ती मान हलवते, मीठ-तेल घ्यायला निघून जाते.

हे खेळात कुठे बसवायचं, सांग.
चौथ्या पातळीवर एक म्हातारी काउंटरला येते खरी,
पण तिच्या बोलण्यावर कोपऱ्यात बाण आहे,
दाबला की पुढे.
मी दाबला.
खोटं कशाला बोलू, घाई होती,
वीस सेकंदांत चोर पकडायचा होता.

कॅमेऱ्यातलं सगळं तीस दिवसांनी पुसलं जातं.
म्हणून तो तुकडा मी माझ्या मोबाइलमध्ये घेतलाय,
नियमात बसत नाही.
अकरा सेकंद. गेमच्या शेजारीच दिसतो.
काल मोबाइल म्हणाला, जागा संपली,
काहीतरी काढा.

हर्षल, तीन देते.
टेबलाचा पाय होता म्हणून तीन.
पुढच्या पातळ्या तू खेळ तुझ्या मोबाइलवर,
माझ्यातनं काढलाय.