काळं तिथे आरसा

नॉर्वेच्या टोकाला, आमच्या वार्डोत,
नोव्हेंबर संपता संपता सूर्य रजेवर जातो,
तो जानेवारीच्या मध्यालाच रुजू होतो.
त्या मोकळ्या काळात मी आरसा करायला घेतला.

पडदा शाळेच्या भंगारातला,
पाठीवर अजून कुठल्याशा वर्गाची चिठ्ठी.
चौकट उचकटताना कडकन आवाज झाला,
तशी आतून गुनवोर म्हणाली,
"हाड मोडलं की प्लास्टिक?"

चाळीस वर्षं बोटींची इंजिनं खोलली मी.
ती खोकायची, गळायची, हाताला वास ठेवून जायची.
हा संगणक पत्त्यांच्या कॅटाएवढा,
वास नाही, खोकला नाही, नुसता एक लाल ठिपका.
नात एम्ब्ला बूडोहून फोनवर शिकवायची,
"आजोबा, स्वल्पविराम. आजोबा, कंस बंद करा."
जन्मभर झडपा बंद करत आलो,
एका कंसाने तीन रात्री खाल्ल्या.

काच मात्र मला लगेच कळली.
पुढे उजेड, मागे अंधार, एवढंच तिचं म्हणणं.
पडदा पांढरा तिथे अक्षरं,
काळा तिथे आपण.

पाइनच्या पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापल्या.
एक चव्वेचाळीस झाली. कुणाला सांगू नका.

निजायच्या खोलीत टांगला, तर सगळं आडवं आलं:
बस, भरती, उणे सहा, ईशान्येचा वारा.
माना वाकड्या करून वाचलं दोघांनी,
धक्क्यावरच्या पाखरांसारखं.
मग सरळ केलं.
सूर्योदयाच्या जागी उमटलं, "अमान्य".
एम्ब्ला म्हणाली, ती ओळ लपवता येते.
गुनवोर म्हणाली, कशाला?
खरं तेच सांगतोय बिचारा.

मधोमध मी तिच्यासाठी लिहिलं होतं,
"सुप्रभात गुनवोर, आज छान दिसतेस."
तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"मी पाठ फिरवली तरी हा हेच म्हणणार ना?
सांगायचं तर तू सांग, हालस्टाइन.
काचेला कशाला मजुरीला लावतोस?"

ओळ पुसली. स्वल्पविरामासकट.

त्या काळ्या जागेत मग ती आली:
पिकले केस, ओठांत पिन,
मागे मी, हातात पेचकस,
आणि सांगायचं ते तोंडात तसंच.

आता चव्वेचाळिसाच्या फटीतून
रात्री उजेडाची एक रेघ भिंतीवर सांडते.
काळी चिकटपट्टी घेऊन बुजवायला उठलो.
पांघरुणातून ती म्हणाली, "असू दे.
सध्या तेवढंच काय ते उगवतंय."

पट्टी खिशात ठेवली.
उद्याची बस साडेसातला. भरती नऊ-दहाला.
बराच वेळ तिथेच उभा राहिलो.
"छान दिसतेस," मी म्हणालो.
"अंधारात?"