वगळून

एकतीस वर्षं मी दावे तपासले
रावपुऱ्यातल्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथल्या पंख्याला तीनच्या पुढे वेग नव्हता.
लाल शाईचा एक शिक्का होता माझ्याकडे :
‘आधीपासूनचा आजार. देय नाही.’
तो मारताना हात थरथरायचा, असं म्हणायला आवडेल मला.
पण नाही. चहा पीत मारायचो.

आता हे पिल्लू.
सेवउसळीच्या गाडीखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यात,
राखेच्या रंगाचं, शेपटीला तिखट लागलेलं.
गाडीवाला म्हणाला, “काका, लई जाव ने,
आखो दिवस पगमां आवे छे.”
शरयूनं पदर पुढे केला. पदर कसला, ओढणी होती.
मला विचारलंही नाही.

डॉक्टर वसावडांनी तिला काट्यावर ठेवलं :
सहाशे चाळीस ग्रॅम.
मग छातीला नळी लावून बराच वेळ गप्प.
“थोडुं मर्मर छे,” म्हणाल्या, “बीजुं कंई नथी.
मोठी होता होता जाईल बहुतेक.
नाही गेलं तरी मांजर जगतं त्याच्यासकट.”
मला वाटलं, खिडकीतल्या पिंपळाबद्दल बोलतायत.
तेव्हा त्यांनी नळ्या माझ्या कानात घातल्या.

आत, शेजारच्या खोलीत,
कुणी पहाटे उठून पीठ चाळत होतं.
ठोका, चाळण. ठोका, चाळण.

रात्री मोबाइलवर अर्ज उघडला.
नाव :
शरयू ओट्यापासून ओरडली, “लिहा, चाळणी.”
जात : देशी.
जन्मतारीख : अंदाजे.
बाजारभाव :
हा रकाना रिकामा सोडता येत नाही,
शून्य लिहिलं की लाल होतो.
तीन हजार लिहिले. नोकरीत असतो तर
या आकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारली असती.

मग तो प्रश्न.
होय किंवा नाही, दोनच गोल.

लोक ‘नाही’ लिहायचे आणि मी शोधून काढायचो
जुन्या केसपेपरांतून, औषधांच्या चिठ्ठ्यांतून.
करजणची एक बाई होती, गोहिल की गोहेल,
नवऱ्याच्या छातीचा जुना कागद
तिनंच आणून फायलीला जोडला होता,
सगळे कागद द्या म्हणालात ना, म्हणून.

चाळणी माझ्या पायजम्याच्या नाडीशी झुंजत होती.
अंगठा ‘नाही’वर गेला, तिथे जरा बसला.
मग मी ‘होय’ दाबलं.

चार दिवसांनी पॉलिसी आली.
वर्षाला अठराशे बारा रुपये.
अपघात, चोरी, विषबाधा, गॅलरीतून पडणं, सगळं आत.
शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत :
‘हृदयाचे विकार वगळून.’
वाक्य ओळखीचं होतं.
स्वल्पविरामसुद्धा असता तर माझंच म्हणालो असतो.

“मग उपयोग काय?” शरयू.
“बाकीच्या मांजराचा उतरलाय,” मी म्हणालो,
“तेवढं एक आपल्याकडे.”
ती काही बोलली नाही. माळ्यावरून
बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, पुसला,
आत शंभराची नोट टाकली
आणि झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

आता पहाटे ती माझ्या छातीवर येऊन झोपते.
सुरसागरकडून पहिली रिक्षा जाते,
दूधवाला सायकल भिंतीला टेकवतो,
पीठ चाळणं चालूच असतं.
मी हलत नाही. पडल्या पडल्या आठवत राहतो :
गोहिल, की गोहेल.

फायलीत दोन्ही लिहिलेली होती.
त्यावरूनही मी तिला एक पत्र धाडलं होतं.