उसवण

सकाळी जाग यायची तेव्हा
उजव्या हाताचं मधलं बोट तळव्यात निजलेलं.
बाकीची उठून बसत, हे नाही.
मग डावा हात यायचा,
शाळेच्या पोराला उठवावं तसा
त्याला धरून सरळ करायचा.
टक्.
शेजारच्या खाटेवरून द्वारका विचारायची,
"उठनं का बोट?"

चाळीस वर्षं मेरठची दहा इंची कात्री,
अमळनेरात, दगडी दरवाज्याच्या आतल्या गल्लीत.
गणवेशाच्या खाकीचे सहा-सहा थर.
कात्रीनं कधी तक्रार केली नाही,
बोटानं केली.

सुटे देताना नाणं मुठीतच राहायचं.
गिऱ्हाईक हसायचं, मास्तर, पैसा सुटत नाही का?
पुंजूआप्पाच्या दहाव्याला हात जोडले
तर नऊ बोटं दुःखात
आणि एक आपलं भलतीकडे.

आधी एक इंजेक्शन झालं. तीन महिने बरे गेले.
लग्नसराईत पुन्हा टक्.

जळगावचा डॉक्टर नेहेते, माझ्या पोराच्या वयाचा,
कागदावर चित्र काढू लागला.
एक दोर, दोरावर गाठ, वरून कडी.
म्हटलं, राहू द्या.
नेफ्यातली नाडी ना?
गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडते,
ओढली की हिसक्यानं सुटते,
आत गेली की परत अडते.
त्यानं पेन खाली ठेवलं.

मग गाठ कापणार?
गाठ नाही. नेफा जरासा उसवणार.
कशानं?
सुईनं.

उभा जन्म सुईनं जोडत आलो,
उसवायला आमच्याकडे ब्लेड असतं.

अंगातला शर्टही काढावा लागला नाही.
बाही दुमडली, माझीच शिवलेली.
डॉक्टरच्या कोटाचा खिसा बोटभर तिरका होता,
बोललो नाही. सुई त्याच्या हातात होती.

बधिर करायची पहिली सुई, खरं दुखणं तेवढंच.
नर्सबाईनं विचारलं, "दुखस का?"
ऐकलं आणि खांदा आपोआप खाली आला.

मग दुसरी.
आत कुठेतरी करकर, करकर,
कॉलरच्या बकरममधून सुई जाताना होते तशी.
हा आवाज मी झोपेतही ओळखतो.
मिटा. उघडा.
अडलं.
पुन्हा करकर.
मिटा. उघडा.

उघडलं.
बिनआवाजी, जसं काही झालंच नव्हतं.

टाका? मी विचारलं.
टाका लागत नाही, काका.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर
उसवलं आणि तसंच सोडून दिलं.
मोहरीएवढा रक्ताचा ठिपका, वर एक पट्टी.

बाहेर द्वारका पिशवी मांडीवर घेऊन,
मुक्कामाच्या हिशोबानं चादर, टॉवेल, तांब्या,
कळण्याच्या सहा भाकरी.
झालं? झालं.
एवढ्यात?
तिला थोडा रागच आला.

भाकरी स्टेशनवर खाल्ल्या, सुरत पॅसेंजरची वाट बघत.
धरणगाव येईतो मी मूठ मिटत होतो, उघडत होतो.
समोरच्या बाईला वाटलं, मी काही मोजतोय.

आता महिना झाला.
तळव्यात दाबलं तर बारीक ठणकतं, कात्री चालते.
फक्त पहाटे अजून डावा हात येतो,
अंधारात चाचपतो,
बोट आधीच जागं असतं.
मग तो तिथंच थांबतो थोडा वेळ,
काय करावं न कळून,
त्याच्या शेजारी पडून राहतो.