एकशे दोनावा दिवस

आमच्या गावात आधी विचारतात
माणूस किती दिवसांचा, मग नाव.
लिबोरियो दीडशेचा. वर एक.
तो वरचा एक दिवस कुणी, कशासाठी जोडला
हे पालेर्मोच्या कचेरीतही कुणाला ठाऊक नाही.
माझा धाकटा दीर अठ्ठ्याहत्तरचा,
म्हणून त्याचं लग्न दोनदा ठरून मोडलं.
मी नीन्फा. एकशे एक.

सव्वीस वर्षं.
यादीत माझ्यापुढचे काही थकले, काही गेले,
तशी मी सरकत आले वर.
बास्तियानो वारला तेव्हा रडले मी, खरंच रडले,
आणि रडता रडता बोटांवर मोजलं.

जूनमध्ये फोन येतो.
मग जाळरेषा काढायच्या, वीस पावलं रुंद,
डोंगराच्या डोक्यावर भांग पाडल्यासारख्या.
गवत, काटेरी झुडपं, पाइनच्या वाळक्या सुया,
सगळं खरवडून माती उघडी.
बारमधला निवृत्त मास्तर म्हणतो,
सरकार हिला काहीच नसण्याचा पगार देतं.
हसतात सगळे. मीही.

टीव्हीवर आम्ही बांडगुळं.
उत्तरेकडचा कुणी टायवाला हिशोब मांडतो:
एका झाडामागे किती मजूर.
मला त्याला विचारायचंय, एका मजुरामागे किती?
एक पावभट्टी, एक औषधाचं दुकान,
पहिलीचा वर्ग, यंदा चारच मुलं,
आणि ती बस, जी दिवसातून दोनदा
आम्ही अजून इथे आहोत का
ते बघायला येते.

आणखी एक बोलतात, हळू आवाजात:
विझवणारेच लावतात. काम वाढावं म्हणून.
खोटं आहे, असं मी छातीठोकपणे सांगायचे
चुलतभावाला घेऊन गेले तोवर.
त्याच्या गाडीत काड्यापेट्या सापडल्या, सात.
तो सिगारेट ओढत नाही.

सप्टेंबरात मुकादम म्हणाला, तुमचे दिवस भरले.
आम्ही त्याचा वाईट अर्थ घेत नाही.
बूट जमा केले, हेल्मेट जमा केलं,
झोडपणी जमा केली. सही.

एकशे दोनाव्या दिवशी शिरोक्को सुटला,
आफ्रिकेची वाळू दातांत घेऊन.
कपडे वाळत घालताना पाहिलं:
वरच्या पाइनच्या खांद्यावर धूर,
रुमालाएवढा, मग चादरीएवढा.
ती झाडं मी लावलेली, मुलगी पोटात असताना;
वाकता येत नव्हतं म्हणून गुडघ्यांवर सरकत.

फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला.
नाव? सांगितलं.
ड्युटीवर आहात? नाही.
मग धूर तुम्हाला कसा दिसला?
आता याला काय सांगू.
डोळे जमा करायचे राहिले होते.

वर गेले, तर विचारतील: ही तिथे काय करत होती?
नाही गेले, तर कुणीच काही विचारणार नाही.
हातातली चादर अजून पिळली नव्हती.
दारात लिबोरियो, त्याचे पन्नास शिल्लक, गाडी चालू.
म्हणाला, तू नको. आज तुझा विमा नाही.
मी म्हटलं, रस्ता तुला माहीत आहे,
वारा कुठे वळतो ते मला.
बसले.

आग माझ्या रेषेपर्यंत आली
आणि उघड्या मातीपाशी घटकाभर घुटमळली,
दार लोटावं की नाही अशी.
मग दोन जागी ओलांडली.
बाकीकडे नाही.
मुलीच्या वयाची झाडं, निम्मी उरली;
निम्मी म्हणजे किती, ते मी मोजलेलं नाही.

रात्री चौकीत कागद पुढे आला.
घटनास्थळी हजर: होय.
कामावर: नाही.
हजर असण्याचं कारण:
पोरगेला शिपाई पेन धरून थांबला.
माझ्या भुवया जळलेल्या, चादरीचा वास अंगाला.
तो रकाना मी कोरा ठेवायला लावला.
वीस पावलं रुंद.